उष्टं, पापा, चुंबन : कशाने काय लागतं आणि कशाने लागत नाही

लहानपणी एकच पेपरमिंटची गोळी दोघींत वाटायची असली की ती फ्रॉकच्या घोळात धरून दातांनी फोडायची. ‘चिमणीच्या दाताने तोडलीय, उष्टी नाही,’ एवढं म्हटलं की समोरची बिनघोर खायची. उष्ट्याबद्दल आपल्याकडे इतके नियम आहेत, पण वयात आल्यावर या थुंकीतून नेमकं काय पसरतं आणि काय पसरत नाही, हे कुणीच सांगत नाही.

एका उपजिल्हा रुग्णालयात एचआयव्हीची तपासणी होते, तिथे मी काही वर्षं समुपदेशक म्हणून बसत होते. दर आठवड्याला एक तरी ठरलेला माणूस यायचा. तेवीस-चोवीस वर्षांचा, रात्रभर मोबाइलवर वाचत बसल्यामुळे डोळे तांबारलेले. खुर्चीच्या टोकावर बसायचा आणि दार नीट लागलंय ना ते पाहून म्हणायचा, ‘मॅडम, फक्त किस केलं होतं.’ तपासणी निगेटिव्ह यायची, तरी पंधरा दिवसांनी स्वारी पुन्हा हजर. आणि ओठावर पाणी भरलेले फोड घेऊन भाचीच्या बारशाला जाणारा मामा मात्र आमच्याकडे कधी फिरकायचा नाही, कारण त्याला कसलीच टोचणी नसायची. मनाला जेवढं लागतं तेवढा धोका मोठा, असं माप बहुतेक जण लावतात. ते माप बाजूला ठेवून कसं बघायचं, ते पायरीपायरीने सांगते.

पायरी १ : काय झालं ते कागदावर लिहा

खरंच लिहा, मनातल्या मनात नको. मनात गोष्ट दर तासाला बदलते, कागदावर बदलत नाही. लिहून झालं की तीन प्रश्न विचारा. कोणता स्राव होता? तो शरीरावर कुठे लागला? तिथली कातडी शाबूत होती का?

एचआयव्ही पसरवतात ते रक्त, वीर्य आणि त्याआधी येणारं पाणी, योनीतला आणि गुदद्वारातला स्राव आणि आईचं दूध. थुंकी, घाम, अश्रू या यादीत नाहीत. आणि शाबूत कातडी ही भिंत आहे. हातावर, मांडीवर, पोटावर वीर्य सांडलं, पुसलं, धुतलं. एचआयव्हीच्या बाबतीत विषय तिथेच संपतो.

समोरची व्यक्ती कोण होती, नात्याची की परकी, बाई की पुरुष, पैसे दिले होते की नव्हते, हे या तीन प्रश्नांत कुठेच येत नाही. लोक मात्र गोष्ट तिथूनच सुरू करतात.

या प्रश्नांतून एक गट निसटतो, तो म्हणजे स्राव लागतच नाही असे कातडीचे आजार. ते पुढे येतील.

पायरी २ : चुंबन आणि एचआयव्ही, हे आधी हातावेगळं करा

ओठाला ओठ लागून एचआयव्ही होत नाही. जिभेला जीभ लागली तरी होत नाही. थुंकीतली काही प्रथिनं विषाणूलाच अडवतात. १९९७ मध्ये अमेरिकेत एका जोडप्याची नोंद झाली होती. त्यात दोघांच्याही हिरड्या खराब होत्या आणि संसर्ग थुंकीतून नव्हे, तर तिच्यात मिसळलेल्या रक्तातून झाला असावा, असं तज्ज्ञांनी मांडलं. जगभर इतकी चुंबनं रोज होत असताना बोट ठेवायला अशी एखादीच नोंद सापडते, यावरून काय ते ओळखा.

म्हणून नुसत्या चुंबनानंतर एचआयव्हीची तपासणी लागत नाही आणि गोळ्याही लागत नाहीत. तरीही झोप येत नसेल तर एकदा करून घ्या, पण एकदाच. तिसऱ्यांदा तपासायला आलेल्या माणसाला मी रक्त काढायला पाठवत नसे, चहा मागवत असे. त्याचा आजार रक्तात नसायचा, काळजीत असायचा, आणि काळजीवरही उपचार असतात. ते मानसोपचारतज्ज्ञाकडे मिळतात.

हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजाराचं थोडं वेगळं आहे. त्याचा विषाणू थुंकीत अल्प प्रमाणात सापडतो, पण चुंबनातून तो पसरल्याचं दिसलेलं नाही. तो पसरतो रक्तातून आणि संभोगातून. शिवाय एकमेकांचं दाढीचं ब्लेड आणि टूथब्रश वापरण्यातून, कारण शरीराबाहेर तो किमान सात दिवस तग धरतो. जोडीदाराच्या ब्रशने दात घासणं हे त्याच जोडीदाराच्या चुंबनापेक्षा जास्त धोक्याचं आहे, हे ऐकून लोक हसतात. पण तसंच आहे. याची लस मिळते. लहानपणी झाली नसेल तर मोठेपणी तीन डोस: आज, एक महिन्याने आणि पहिल्या डोसापासून सहा महिन्यांनी.

पायरी ३ : आरशासमोर उभे राहा आणि तोंड उघडा

चुंबनाचा खरा हिशेब इथे आहे, म्हणून इथे जरा थांबते. उजेडात, खालचा ओठ बाहेर ओढून, जीभ वर करून, गालांच्या आतून पाहा.

आत, गालाला किंवा जिभेच्या कडेला, मध्ये पांढरट-पिवळा आणि कडेने लाल असा दुखरा व्रण असेल, तर ते आपलं नेहमीचं ‘तोंड येणं’. जागरणाने येतं, दात लागून येतं, लोह किंवा बी-१२ कमी असलं तरी येतं. ते दुसऱ्याला लागत नाही. झोंबेल एवढंच.

ओठाच्या कडेला, जिथे ओठाचा रंग संपून चेहऱ्याची कातडी सुरू होते तिथे, पाणी भरलेल्या बारीक फोडांचा झुबका असेल तर गोष्ट वेगळी. माझी आजी त्याला ‘ताप मुतला’ म्हणायची, कारण ताप येऊन गेल्यावर हे फोड उठतात. हा हर्पिस सिंप्लेक्स, प्रकार १. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या जगातल्या निम्म्याहून जास्त माणसांच्या अंगात हा विषाणू आहे, आणि बहुतेकांना तो लहानपणीच घरातल्या कुणाच्या तरी पाप्यातून मिळालेला असतो. एकदा आला की मज्जातंतूंत दडून बसतो आणि थकवा, ऊन, ताप यांचं निमित्त करून वर येतो. म्हणून लग्नानंतर बायकोला पहिल्यांदा फोड आला तर ‘कुठून आणलास’ हा प्रश्न निरर्थक आहे. तो वीस वर्षांपूर्वी मावशीकडून आलेला असू शकतो.

काय करायचं? फोड येण्याआधी एक-दोन दिवस त्या जागी चुणचुण होते. तेव्हापासून खपली पडून खालची कातडी नवी दिसेपर्यंत, म्हणजे साधारण आठ-दहा दिवस, चुंबन बंद. मुखमैथुनही बंद, कारण हाच विषाणू जननेंद्रियांवर जाऊन बसतो. फोडाला हात लावून डोळे चोळू नका. असायक्लोव्हिरसारखी औषधं चुणचुणीच्या टप्प्यावर सुरू केली तर उपयोग होतो, खपली धरल्यावर फारसा नाही. म्हणून ज्यांना हे वारंवार होतं त्यांनी डॉक्टरांकडून आधीच चिठ्ठी लिहून घेतलेली बरी. फोड नसतानाही हा विषाणू अधूनमधून थुंकीत उतरतो, त्यामुळे धोका शून्यावर कधीच येत नाही. पण खूप कमी होतो.

नागीण म्हणजे हे नव्हे. नागिणीच्या कागदावरही ‘हर्पिस’ असंच लिहिलेलं असतं आणि त्यावरून घरं मोडायची वेळ आलेली मी पाहिली आहे. नागीण म्हणजे जुन्या कांजिण्यांचा विषाणू पुन्हा उठणं. तिचा लैंगिक संबंधांशी काही संबंध नाही.

ओठांवर वर्षानुवर्षं असलेले बारीक पिवळसर ठिपके, दुखत नाहीत, वाढत नाहीत, त्या फक्त तेलग्रंथी. असे ठिपके मोबाइलवर मोठे करून दाखवणारी कित्येक पोरं मी आल्या पावली परत पाठवली आहेत.

आता उरला तो व्रण जो दुखत नाही. ओठावर किंवा जिभेवर एकच, कडक कडा असलेला, न दुखणारा. हा सिफिलिसचा असू शकतो, ज्याला जुनी माणसं गरमी म्हणत. संसर्गानंतर दहा ते नव्वद दिवसांत, बहुधा तिसऱ्या आठवड्याच्या आसपास तो उठतो आणि तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरतो. भरला म्हणजे गेला असं नाही, आजार आत चालू राहतो. चुंबनातून लागणाऱ्या मोजक्या गुप्तरोगांपैकी हा एक, कारण व्रणातूनच थेट पसरतो. निदान साध्या रक्ततपासणीने होतं आणि सुरुवातीच्या टप्प्यात पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरा होतो. ‘दुखत नाही ना, मग सोडा’ हे वाक्य दाताच्या बाबतीत कधीमधी चालतं, इथे अजिबात चालत नाही.

शेवटचं, हिरड्या. मिश्री लावणाऱ्या, तंबाखू-चुना गालात धरणाऱ्या, गुटखा खाणाऱ्या तोंडाच्या आतलं अस्तर भाजलेलं, सोललेलं असतं आणि पायरियामुळे घासताना रक्त येतं. शाबूत भिंतीचा नियम अशा तोंडाला लागू पडत नाही. ते आधी दंतवैद्याला दाखवा. एक बारकी गोष्ट: भेटीला जायच्या आधी खसाखसा ब्रश करून फ्लॉस ओढू नका, हिरड्या खरचटतात. नुसत्या चुळा भरा. माउथवॉशने वास जातो, संसर्ग थांबत नाही.

पायरी ४ : घरात बाळ असेल तर सव्वा महिना पापा नाही

इथे मात्र मी आग्रही आहे. नवजात बाळाला हर्पिस झाला तर तो मेंदूपर्यंत, यकृतापर्यंत जाऊ शकतो आणि बाळ दगावू शकतं. पहिले चार ते सहा आठवडे सर्वांत नाजूक. आणि आपलं बारसं बाराव्या दिवशी! त्या दिवशी बाळ पंचवीस-तीस हातांतून फिरतं आणि प्रत्येक जण गालाला ओठ लावतो.

बाळंतिणीचा सव्वा महिना आपण पाळतोच; तोच बाळासाठीही धरा. ओठावर फोड किंवा चुणचुण असलेल्याने, मग ती सख्खी आजी का असेना, बाळाला उचलू नये. बाकीच्यांनी हात धुऊन घ्यावं आणि पायाचा पापा घ्यावा. आत्याबाईंना हे सांगणं सुनेला जमत नाही, ते बाळाच्या बापाने सांगावं. ‘डॉक्टरांनी सव्वा महिना नको म्हटलंय’ एवढं पुरतं. डॉक्टरांच्या नावावर खपवलेली ही गोष्ट खरीच आहे. आईलाच फोड असेल तर तिने दूध पाजणं थांबवायचं नाही (छातीवर फोड नसेल तर), फक्त मास्क लावायचा आणि पापा टाळायचा. बाळाला ताप, दूध न ओढणं, मलूल पडणं, अंगावर पाण्याचे फोड, यांतलं काहीही दिसलं तर त्याच तासाला दवाखाना.

दुसरीकडे, गरोदर बाईच्या घरात दोन-तीन वर्षांचं आधीचं मूल असेल, तर त्याच्या थुंकीतून सायटोमेगॅलो नावाचा विषाणू तिला मिळू शकतो आणि पोटातल्या बाळाच्या कानांवर परिणाम करू शकतो. आपल्याकडच्या बहुतेक बायकांना तो आधी होऊन गेलेला असतो, पण त्याने धोका कमी होतो, संपत नाही. तेव्हा त्या नऊ महिन्यांत मोठ्याचं उष्टं संपवायचं नाही आणि पापा ओठांवर नको, कपाळावर घ्यायचा.

पायरी ५ : घसा दुखतोय, ताप आहे?

सर्दी, फ्लू, कोविड. अंगात असेल तर चुंबन सोडाच, शेजारी बसूनही लागेल. चार दिवस थांबा, यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

एका तापाबद्दल मात्र लिहायला हवं. चुंबनाच्या चार-सहा आठवड्यांनी घसा प्रचंड सुजतो, मानेत गाठी येतात, ताप हटत नाही आणि अंगात त्राण उरत नाही. हा एप्स्टीन-बार विषाणूचा मोनो ताप. इंग्रजीत त्याला गमतीने ‘किसिंग डिसीझ’ म्हणतात. १९६४ मध्ये सापडलेला हा विषाणू आपल्याकडे बहुतेकांना लहानपणीच, न कळत होऊन जातो. कॉलेजच्या वयात पहिल्यांदा झाला की चांगलाच लोळवतो. दोन गोष्टी सांभाळा. केमिस्टकडून परस्पर अमॉक्सिसिलिन घेऊ नका. या आजारात ते घेतलं की अंगभर लाल पुरळ उठतं आणि वर ‘ॲलर्जी’चा शिक्का बसतो. आणि पाणथरी (प्लीहा) सुजलेली असू शकते, म्हणून निदान तीन-चार आठवडे कबड्डी, जिम, वजन उचलणं बंद.

क्षयाबद्दलही लोक विचारतात. क्षय थुंकी चाटून किंवा ताट एक असून होत नाही, खोकल्यातून उडालेल्या थेंबांतून हवेवाटे होतो. पण दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकणाऱ्या माणसाच्या तोंडाजवळ तोंड नेलं तर हवा तीच असते. आधी थुंकीची तपासणी करून घ्या, ती सरकारी दवाखान्यात फुकट होते.

पायरी ६ : कातडीला कातडी

कपडे अंगावर ठेवून जवळीक, मिठी, मालिश, हाताने एकमेकांना सुख देणं. इथे एचआयव्ही नाही. बोटावर ताजी, रक्त येणारी जखम असेल तेवढं टाळा आणि नखं कापलेली ठेवा.

पण गजकर्ण आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्याकडे ते फार चिवट झालंय आणि कारण बरंचसं आपल्याच हातातलं: मेडिकलमधून ‘खाजेची ट्यूब’ आणायची, जिच्यात स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत खाज जाते, बुरशी आत पसरते, महिन्याभरात जांघेतला चट्टा पोटापर्यंत येतो. ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलं असेल तर ती लावू नका. त्वचारोगतज्ज्ञ सांगतील तितके आठवडे औषध, टॉवेल वेगळा, आतले कपडे उन्हात, आणि जोडीदाराचाही उपचार त्याच वेळी. जांघेतलं गजकर्ण म्हणजे गुप्तरोग नव्हे, ते घामाने आणि घट्ट जीन्सनेही होतं.

खरूज म्हटलं की आठवतं होस्टेल. बोटांच्या बेचक्यांत, बेंबीभोवती, लिंगावर पुळ्या आणि रात्री वाढणारी खाज. पहिल्यांदा झाली तर लागल्यावर चार-सहा आठवड्यांनी खाज सुटते, त्यामुळे कुणाकडून आली हे आठवतच नाही. पाच टक्के परमेथ्रिन रात्री मानेपासून तळव्यापर्यंत लावायचं, सकाळी धुवायचं, आठवड्याने पुन्हा. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, खाज असो वा नसो. एकाने टाळलं की सगळ्यांचं वाया.

जननेंद्रियांवरचे चामखीळ एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतात आणि त्याला नुसतं घासणंही पुरतं. कंडोम झाकतो तेवढीच जागा वाचते. यासाठी लस हा खरा उपाय. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक जानेवारी २०२३ मध्ये आली. ९ ते २६ वयात घेता येते, चौदा वर्षांपर्यंत दोन डोस, पंधरापासून तीन.

पायरी ७ : मुखमैथुन

‘हे पण किसमध्येच धरायचं ना?’ असं मला एकाने विचारलं होतं. नाही. एचआयव्हीचा धोका इथेही अगदी कमी, तोंडात जखमा नसतील तर आणखी कमी. पण परमा (गनोरिया) घशात बसू शकतो आणि तिथे तो बहुधा कसलंच लक्षण दाखवत नाही. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या संशोधकांनी समलिंगी पुरुषांच्या अभ्यासातून २०१९ मध्ये असं मांडलं की घशातला परमा खोल चुंबनातूनही पसरत असावा. सिफिलिस आणि हर्पिस तर आहेतच.

उपाय तो चिमणीच्या दातांचाच, पण फ्रॉकचं सुती कापड थुंकी अडवत नाही, लॅटेक्स अडवतं. पुरुषासाठी कंडोम, स्वादाचे मिळतात ते यासाठीच. बाईसाठी कंडोमचं टोक कापून, उभा चिरून, सपाट पडदा करायचा. खोबरेल तेल, व्हॅसलीन, साजूक तूप यांतलं काहीही त्याला लावू नका, लॅटेक्स काही मिनिटांत कमजोर होतं. पाण्याचं ल्युब्रिकंट आणा.

पायरी ८ : आता घड्याळ आणि कॅलेंडर

कंडोमशिवाय संभोग झाला, कंडोम फाटला, किंवा कुणाचं रक्त ताज्या जखमेत गेलं असेल तर ७२ तासांच्या आत, शक्यतो पहिल्या काही तासांतच, सरकारी रुग्णालयात जा आणि ‘पेप हवंय’ म्हणा. पेप म्हणजे एचआयव्हीचा संसर्ग मूळ धरू नये म्हणून घ्यायच्या २८ दिवसांच्या गोळ्या. चुंबन, मिठी, हाताचा स्पर्श यांसाठी त्या देत नाहीत; मागूनही मिळणार नाहीत.

तपासणी दुसऱ्या दिवशी करून काहीच कळत नाही. प्रयोगशाळेतली चौथ्या पिढीची एचआयव्ही तपासणी ४५ दिवसांनी पक्की धरतात, बोटाच्या थेंबावरची झटपट तपासणी तीन महिन्यांनी. सिफिलिससाठी सहा आठवड्यांनी आणि पुन्हा तीन महिन्यांनी.

खासगी लॅबच्या ‘फुल एसटीडी पॅकेज’मध्ये हर्पिसची आयजीएम तपासणी घातलेली असते. ती करू नका. खोट्या पॉझिटिव्हने माणसं महिनोन्‌महिने कुढत बसतात आणि खऱ्या फोडाचं निदान तिच्याने होत नाही. फोड ताजा असताना डॉक्टरांना दाखवणं हेच बरं.

जायचं कुठे? जिल्हा, उपजिल्हा आणि बहुतेक ग्रामीण रुग्णालयांत आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्र असतं, तिथे एचआयव्हीची तपासणी मोफत. गुप्तरोगांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’, तिथे औषधंही फुकट, वेगवेगळ्या रंगांच्या पाकिटांत. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याप्रमाणे तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. समोर बसून बोलायची लाज वाटत असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

पायरी ९ : जोडीदाराला कसं सांगायचं

‘मला काहीतरी सांगायचंय’ अशी सुरुवात करू नका. ऐकणाऱ्याचा जीव तिथेच टांगणीला लागतो. सरळ म्हणा, ‘ओठावर फोड येतोय, आठवडाभर नको.’ किंवा, ‘मला खरूज झालीय, आज रात्री दोघांनी मलम लावू.’ नावं घेऊन सांगितलेली गोष्ट आटोपशीर राहते. समोरच्याने नको म्हटलं तर कारण विचारत बसू नका.

आणि जोडीदाराला एचआयव्ही असून तो नियमित गोळ्या घेत असेल, रक्तात विषाणू सापडत नसेल, तर त्याच्याकडून संभोगातूनही तुम्हाला संसर्ग होत नाही. चुंबनाचा तर प्रश्नच नाही. आमच्याकडे एक जोडपं औषधं न्यायला यायचं, त्यातली बायको पॉझिटिव्ह होती. पाच वर्षं नवऱ्याने तिला ओठांनी शिवलं नव्हतं, घाबरून, आणि तिने ते स्वतःच्या घाणीमुळे असं धरलं होतं. त्याला हे नीट समजावून सांगितलं. पुढच्या महिन्यात दोघं आली तेव्हा रांगेत उभं असताना तिची बाटली घेऊन तो तोंड लावून पाणी प्यायला, आणि तिने माझ्याकडे पाहिलं.